स्प्रिंग एक, कामे दोन

या आठवड्यात दुर्बीण बसवण्याचा विषय घेणार होतो, तो पुढे ढकलतो. मिनेसोटातल्या एका वाचकाने प्रश्नच असा विचारला आहे की त्याला अख्खा भाग द्यायला हवा. त्यांनी हरणाच्या शिकारीसाठी जुन्या बाजारातून रेमिंग्टन ७०० रायफल घेतली आहे. ट्रिगर फार जड लागतो. पुढचा स्क्रू थोडा सैल केला तर हलका होईल का, असे ते विचारतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, म्हणून इथल्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. पण यंत्राच्या एका भागाला हात लावला की दुसरा कसा बिघडतो, हे याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला सापडलेले नाही. प्रश्नाचे उत्तर 'होय, हलका होईल' असेच आहे, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

जुन्या ७००मध्ये बहुधा माइक वॉकर यांनी रचलेला ट्रिगर असतो. १९४८च्या ७२१ मॉडेलबरोबर तो आला, १९६२मध्ये ७००मध्ये बसला आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालला. त्यात तीन स्क्रू असतात, पुढे दोन आणि मागे एक. मागचा स्क्रू सिअरची, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या तुकड्याची, पकड किती खोल हे ठरवतो. पुढच्या दोनपैकी एक ओढीचे वजन ठरवतो, तर दुसरा गोळी सुटल्यावर ट्रिगर किती मागे जाईल ते. सिअर टेकते ती थेट ट्रिगरवर नव्हे, त्याच्या पुढे बसवलेल्या कनेक्टर नावाच्या पातळ पोलादी पट्टीच्या कडेवर. ही टेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ट्रिगर ओढला की पट्टी पुढे सरकते, सिअरखालचा आधार जातो आणि फायरिंग पिन सुटते. या धक्क्यात पट्टी क्षणभर ट्रिगरपासून अलग होते. तिला परत जागेवर आणून बसवते ती वजनाचीच स्प्रिंग. बोटाला जी 'जड' वाटते, तीच स्प्रिंग पट्टीला सिअरखाली परत ढकलत असते. स्क्रू सैल केला की बोटाचे श्रम कमी होतात, आणि त्याच हिशेबात पट्टी परत येण्याचा जोरही कमी होतो.

आता सेफ्टीकडे पाहू. या रचनेत सेफ्टी लावली की सिअर किंचित उचलली जाते आणि ट्रिगर मोकळा हलू शकतो. पट्टी त्या वेळी जागेवरून सरकली आणि अशक्त स्प्रिंगमुळे, किंवा वाळून वार्निशासारख्या झालेल्या तेलामुळे, परत आली नाही, तर सेफ्टी काढताच सिअर खाली येते आणि तिच्याखाली काहीच नसते. ट्रिगरला बोट न लावता बार उडतो. म्हणून 'सेफ्टी आहे ना, मग ट्रिगर कितीही हलका चालेल' हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. १९८२पूर्वीच्या रायफलींत आणखी एक अडचण होती: सेफ्टी लावली की बोल्टही अडकायचा, त्यामुळे काडतूस बाहेर काढायला सेफ्टी काढावीच लागे. २००० साली मोंटानात अशाच रिकामी करण्याच्या क्षणी सुटलेल्या गोळीने नऊ वर्षांचा मुलगा गेला. पुढे खटले लांबले, आणि लाखो रायफलींचे ट्रिगर फुकट बदलून देण्याच्या तडजोडीला २०१७मध्ये न्यायालयाने मान्यता दिली. रचना सदोष नाही, वाईट निगा आणि स्क्रूंशी केलेली छेडछाड हे कारण आहे, ही कंपनीची भूमिका कायम राहिली. रचनेत दोष होता असे मला वाटते. पण कंपनीचे म्हणणे खरे धरले तरी जुनी रायफल घेणाऱ्याची काळजी कमी होत नाही, उलट वाढते. आधीच्या मालकाने कुठला स्क्रू किती फिरवला हे कोणी लिहून ठेवत नाही. कारखान्यातून या स्क्रूंवर लाखेचा थेंब देत. तो तडकलेला दिसला तर कोणाचा तरी पेचकस तिथे पोहोचलेला आहे.

स्पर्धेतले नेमबाज तर हलक्या ट्रिगरने मारतात, हा आक्षेप रास्त आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसळेने ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकले, त्या प्रकारात ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादाच नाही. पण तिथे काडतूस एकेक भरले जाते, नळी कायम लक्ष्याकडे असते, आज्ञेशिवाय कोणी भरत नाही. राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात किमान १००० ग्रॅमची अट आहे, ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅमची. जंगलात भरलेली रायफल घेऊन माणूस ओंडके ओलांडतो, थंडीने बधिर झालेले बोट जाड हातमोज्यात असते. तिथे दीड ते पावणेदोन किलोची ओढ जास्त मुळीच नाही. २००२पासून सॅव्हेजच्या रायफलींत ट्रिगरच्या मधोमध पात्याचा खटका असलेली रचना मिळते आणि ती हलकी असूनही सुरक्षित असते. पण ते पाते दाबल्याशिवाय सिअर सुटूच नये अशी तिची मूळ बांधणी आहे. जुन्या ट्रिगरची स्प्रिंग सैल करून तो गुण येत नाही.

शिवाय 'जड' म्हणणाऱ्याला पुष्कळदा वजन खुपत नसते, खरखर खुपत असते. म्हणून आधी मोजावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, चेंबर डोळ्याने आणि बोटानेही तपासावे, मग नळी सरळ वर धरून ट्रिगरच्या मधोमध दोरीने पाण्याची बाटली टांगावी आणि जमिनीवरून सावकाश उचलावी. स्पर्धेतले पंच वजनाचा ठोकळा वापरतात, पद्धत हीच. टिक वाजेपर्यंत थोडे थोडे पाणी वाढवत जावे आणि शेवटी बाटली किचनच्या काट्यावर ठेवावी. हे पाचदा करावे. आकडे जवळजवळ सारखे आले तर ट्रिगर निरोगी आहे, वजनाची सवय होते. एकदा १८०० आणि एकदा २४०० ग्रॅम आले तर दोष स्प्रिंगचा नाही, आत मळ किंवा गंज आहे. ट्रिगर धुऊन काढला की बहुतेक वेळा ओढ आपोआप उतरते.

त्यानंतर, रायफल रिकामीच असताना, सेफ्टी लावून ट्रिगर जोरात ओढावा, सोडावा, आणि ट्रिगरला न शिवता सेफ्टी काढावी. मग बोल्ट दहा-बारा वेळा दणकून बंद करावा. शेवटी कुंदा रबरी पायपुसण्यावर आपटून पाहावा. यांपैकी कशानेही एकदा जरी टिक ऐकू आली, तर स्क्रू आवळून प्रश्न मिटला असे समजू नये. तो ट्रिगर काढून टाकावा आणि बंदूक-कारागिराकडून पूर्ण नवा संच बसवून घ्यावा. मिनेसोटातल्या वाचकांनी लाखेचा थेंब शाबूत आहे का ते कळवावे. दुर्बीण पुढच्या भागात.