चढाविना घाट

घाट म्हणजे आधी चढ आणि मग उतार, हा हिशेब ताम्हिणीला लागू पडत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथून पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला असलेले मुळशी तालुक्यातले ताम्हिणी गाव त्याहून फार तर शंभरेक मीटर वर. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, माले आणि मग मुळशी धरणाचा काठ धरून जाणारा हा रस्ता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ७५३-एफ आहे. पिरंगुटच्या अलीकडचा छोटा घाट सोडला, तर पुण्याहून निघालेल्या सायकलस्वाराच्या वाट्याला लहानमोठे चढउतारच येतात. ताम्हिणी ओलांडली की मात्र रस्ता दहा-बारा किलोमीटरांत सुमारे ५०० मीटर खाली उतरतो आणि कोकणात विळे गावापाशी पोहोचतो.

हा एकतर्फीपणा सह्याद्रीच्या घडणीतून आला आहे. सह्याद्री दोन्ही बाजूंनी उतरणारी डोंगररांग नसून दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार तयार झाले. पुढे भारताचा पश्चिम किनारा घडत असताना पठाराची पश्चिम बाजू तुटली. पावसाने आणि ओढ्यांनी झिजत झिजत ही कड पूर्वेकडे सरकत आली. पठार स्वतः पूर्वेकडे किंचित कललेले असल्याने कड्याच्या अगदी काठावर पडलेले पाणीही अरबी समुद्राकडे पाठ फिरवते. मुळा नदी याच भागात उगम पावते आणि भीमा, कृष्णा असा प्रवास करत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर असताना नदी देशाच्या दुसऱ्या टोकाला जाते, ते या कललेल्या पठारामुळे.

रस्त्याच्या कडेची झाडी बदलत जाते, तीही याच कड्यामुळे. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात. वर जाणारी हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. सर्वाधिक पाऊस त्यामुळे माथ्यावर आणि त्याच्या लगत पडतो. माथा ओलांडून हवा पठारावर आली की पाऊस झपाट्याने ओसरतो. पुण्याची वार्षिक सरासरी ७०० ते ७५० मिलीमीटरच्या घरात आहे. ताम्हिणी परिसरात एका पावसाळ्यात पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होणे नवलाचे नाही. २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या २४ तासांत इथे ५५६ मिलीमीटर पावसाची नोंद झाली. पुण्यात वर्षभरात पडणाऱ्या पावसाचा तो तीन चतुर्थांश हिस्सा होता.

पावसाची ही चढती कमान सायकलवरून डोळ्यांना दिसते. मोटारीत हा पट्टा तासाभरात संपतो आणि सगळीकडे ‘हिरवेगार’ एवढेच लक्षात राहते. ताशी १५-२० किलोमीटरच्या वेगात मात्र पौडच्या आसपासची भातखाचरे आणि विरळ, पानगळीची झाडी मागे पडून धरणाच्या पुढे दाट, निमसदाहरित जंगल कधी सुरू झाले, हे नेमके टिपता येते. जांभूळ, हिरडा, अंजन, पिसा, ऐन अशी झाडे इथे आहेत. उतारांवर कारवीचे रान माजलेले असते. कारवी सात वर्षे नुसती वाढते, मग सगळी एकदम फुलते, बिया धरते आणि मरून जाते. दोन झाडांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडलेल्या असतील, तिथे मान वर करावी. शेकरूची ये-जा अशाच फांद्यांवरून चालते आणि रस्ता रुंद झाला की ती तुटते. ताम्हिणीचा सुमारे ५० चौरस किलोमीटरचा टापू २०१३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथले जुने जंगल देवरायांच्या रूपाने टिकून होते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. देवाच्या धाकाने न तोडलेल्या या तुकड्यांतून मूळ जंगल कसे असावे याचा अंदाज येतो, ही गोष्ट त्यातून वनस्पतिशास्त्राच्या चर्चेत आली.

जंगल संपून मध्येच उघडा कातळ लागतो, तो पट्टा अनेक जण न थांबता ओलांडतात. तसे करू नये. अशा सड्यावर माती बोटभरही जाड नसते. पावसाळ्यात ती पाण्याने तुंबते, उन्हाळ्यात भाजून निघते, आणि धो धो पावसात तिच्यातला नायट्रोजन व फॉस्फरस वाहून जातो. झाडे इथे मूळ धरू शकत नाहीत आणि उंच स्पर्धक नसल्याने मोकळी झालेली जागा बोटभर उंचीच्या वनस्पती घेतात. श्रावण-भाद्रपदात गेंदाचे पांढरे गुंड, तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग दिसतो. ओलसर जागी सीतेची आसवे ही निळसर-जांभळी नाजूक फुले असतात. वरून निरागस वाटणारी ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिचे सापळे चिखलात दडलेले असतात. ते मोहरीहून मोठे नसतील एवढे बारीक फुगे आहेत. फुग्यातले पाणी ती आधी बाहेर टाकते, त्यामुळे आत दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात. दाराशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्मजीवाचा धक्का लागला, की दार उघडते आणि पाणी शिकारीसकट आत खेचले जाते. हे सगळे सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत जलद हालचालींत या हालचालीची गणना होते. मातीत न मिळणारा नायट्रोजन ही वनस्पती अशा रीतीने मिळवते.

कातळाच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचून डबकी तयार होतात. ती दिवाळीनंतर आटतात. मासे त्यांत टिकू शकत नाहीत, म्हणून बेडकांची पिल्ले आणि बारीक कवचधारी जीव तिथे निर्धास्त वाढतात. डबक्याची मुदत हीच त्यांची वाढीची मुदत असते.

युरोपातल्या आम्लधर्मी, निकस मातीच्या झुडपी माळांवर सड्यासारखीच परिस्थिती वेगळ्या हवामानात आढळते. बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांताने माळ, तळी आणि जंगल हीच सायकलींसाठी आकर्षणे केली. २०१६ साली तिथे एका तळ्याच्या मधोमध २१२ मीटरचा मार्ग खोल घालण्यात आला. त्यावरून जाताना पाणी सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. २०१९ मध्ये झाडांच्या शेंड्यांतून जाणारा वर्तुळाकार मार्ग झाला आणि २०२१ मध्ये माळावरचा लाकडी पूल. सायकलमार्ग जिथे मिळतात त्या सांध्यांना क्रमांक देण्याची तिथली पद्धत १९९५ पासूनची. हुगो बोलेन या खाण अभियंत्याने ती रुजवली. ताम्हिणीत माळ, पाणी आणि जंगल हे तिन्ही एका ओळीत आहेत, मात्र सायकलीसाठी वेगळी हातभर पट्टीही नाही. जानेवारी २०२६ मधील ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला, पण शर्यतीपुरता बंद केलेला रस्ता आणि रविवारचा ताम्हिणी रस्ता यांत फार फरक आहे.

यांतला मुळशी धरणाचा जलाशय मात्र नैसर्गिक नाही. मुळा आणि नीला नद्यांच्या पाण्यावर टाटा कंपनीने हे धरण बांधले. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह सुरू झाला, पण शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्याच. १९२७ मध्ये कड्याखालचे भिरा वीजकेंद्र चालू झाले. बोगद्यातून पश्चिमेकडे वळवलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडते, जनित्रे फिरवते आणि कुंडलिका नदीत जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी अशा रीतीने अरबी समुद्रात पोहोचते. कुंडलिकेकाठच्या कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालते, ते याच पाण्यावर.

सायकलस्वारही ताम्हिणीतून जवळपास तेवढाच खाली उतरतो. सायकलीसह ८० किलो वजन ५०० मीटर खाली आले, की सुमारे ३ लाख ९० हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या भाषेत ती जेमतेम ०.११ युनिट, म्हणजे १० वॅटचा एक दिवा अकरा तास चालेल एवढी. ऐकायला ती किरकोळ आहे. पण ही ऊर्जा अर्ध्या तासात हवेत आणि ब्रेकमध्ये जिरवावी लागते, म्हणून उताराचे तंत्र चढापेक्षा अवघड. पाच टक्के उतारावर पायडल न मारता आणि ब्रेक न लावता सोडलेली सायकल ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास जाऊन स्थिरावते, कारण तिथे हवेचा रोध आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ सारखी होते. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग कायम ठेवायचा, तर वजनाच्या ८० टक्के इतके आडवे बल टायरने रस्त्याकडून मिळवावे लागेल. ओल्या डांबराकडून तेवढे मिळत नाही. वेग २५ वर आणला, तर तेच बल २५ टक्क्यांवर येते. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावावा असे जुने सायकलस्वार सांगतात, त्यामागे हे गणित आहे. रिमला घासणारे ब्रेक पावसात पहिल्या एक-दोन फेऱ्यांत नुसते पाणी पुसतात, पकड नंतर घेतात. डिस्क ब्रेकला ही अडचण बरीच कमी येते. सावलीतल्या वळणांवर शेवाळ असते, पावसाळ्यात रस्त्यावर खेकडे आणि बेडूक असतात, आणि धबधब्यापाशी आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या असतात. शेवटचे संकट सर्वांत मोठे.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पुण्याहून निघणाऱ्याच्या थेट तोंडावर. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्यासमोर तितक्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा रोध चौपट होतो. चढ नसूनही पावसाळ्यात मुळशीचा काठ दमवतो, तो यामुळे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा मधला काळ उत्तम. कातळावर फुले असतात, जलाशय भरलेला असतो आणि वारा पडलेला असतो. मे महिन्यात पाणी ओसरून काठाचा उघडा गाळ दिसतो.

विळ्याहून परत वर यायचे, तर घाटाला नेहमीचा हिशेब लागू होतो. पाच टक्के चढावर ताशी १० किलोमीटरचा वेग ठेवायला ८० किलोच्या भाराला सुमारे १३० वॅट लागतात आणि त्यांतले ११० नुसते उंची मिळवण्यात जातात. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा पावभागच कामी लावतात. ५०० मीटर चढाला म्हणून सुमारे ४५० किलोकॅलरी खर्च होतात आणि उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घामावाटे बाहेर टाकावी लागते. कोकणाच्या दमट हवेत घाम सावकाश सुकतो. मार्च-एप्रिलमध्ये भिऱ्याच्या परिसरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हा चढ सकाळी आठच्या आत संपवलेला बरा. ज्यांना तो नको, त्यांच्यासाठी माणगावला कोकण रेल्वेचे स्थानक आहे.