नेम चुकला, तर दोष कुणाचा?

रेल्वेच्या वर्कशॉपात, गिरणीच्या दुरुस्ती खात्यात किंवा एखाद्या लहान कारखान्यात लेथवर ज्यांनी हात काळे केले आहेत, त्यांना 'व्हिटवर्थ' हा शब्द नवा नाही. बी.एस.डब्ल्यू. आट्यांमधला 'डब्ल्यू' तो हाच. नट-बोल्टच्या त्या 55 अंशांच्या आट्याचे माप जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने 1841 साली ठरवून दिले. दूरवर मारा करणारी रायफल अचूक कशी करावी, हा प्रश्नही याच माणसाने सोडवला. ती हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांनी बंदुकीला कधी हात लावला नाही, त्यांनीही ती वाचावी, असे आम्हांस वाटते.

व्हिटवर्थ यांचा जन्म 1803 साली स्टॉकपोर्ट येथे झाला. चौदाव्या वर्षी ते नातलगाच्या सूतगिरणीत लागले. पण त्यांचे मन गिरणीच्या कारभारात रमेना, यंत्रांत रमे. ते मँचेस्टरला गेले, साधे मेकॅनिक झाले आणि 1833 साली त्यांनी तिथे स्वतःचा कारखाना काढला. इंचाचा दशलक्षावा भाग दाखवणारे मोजयंत्र त्यांनी बनवले. माप चोख, तर काम चोख, हा त्यांचा बाणा होता.

1854 साली ब्रिटिश सरकारने त्यांना रायफली तयार करणारी यंत्रे बनवण्याविषयी विचारले. त्या वेळी सैन्यात एनफिल्ड रायफल येत होती. 1857 च्या उठावात जिच्या काडतुसांवरून भडका उडाला, तीच ही. कुणी दुसरा असता तर सरकारी काम मिळाले म्हणून लगेच यंत्रे ओतायला बसला असता. व्हिटवर्थ यांनी उलट प्रश्न केला: एक रायफल नेमकी लागते आणि दुसरी चुकते, हे कशामुळे? ते कळल्याशिवाय यंत्र कसले बनवायचे?

नेम चुकला की साधारणपणे शिपायाच्या नजरेला किंवा हाताला दोष दिला जातो. व्हिटवर्थ यांनी एकेक कारण वेगळे काढायचे ठरवले. पहिले कारण वारा. म्हणून मँचेस्टरजवळ रशोम येथे त्यांनी 500 वार लांबीची बंदिस्त पडवी उभारली. वादळाने ती पाडली, तेव्हा पुन्हा बांधली. आत ठराविक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी पडद्यांतून आरपार जाई आणि मागे भोकांची रांग उरे. गोळी कुठे डगमगली, कुठे आडवी झाली, ते त्या भोकांवरून कळे.

मग नळीची पाळी आली. भोवरा जोरात फिरत असला की सरळ उभा राहतो, वेग कमी झाला की डुलू लागतो. गोळीचेही तसेच आहे. नळीच्या आतल्या पिळामुळे ती स्वतःभोवती फिरते. एनफिल्डच्या पिळाचा एक फेरा 78 इंचांत पुरा होई, आणि नळी होती 39 इंचांची. म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीचा जेमतेम अर्धा फेरा होई. व्हिटवर्थ यांनी निरनिराळे पीळ करून पाहिले आणि 20 इंचांत एक फेरा पक्का केला. नळीचे छिद्र 0.577 इंचावरून 0.451 इंचावर आणले आणि ते षटकोनी केले. गोळीचे वजन तेवढेच ठेवले. त्यामुळे गोळी बारीक पण लांब झाली आणि तिला हवेचा अडथळा कमी झाला.

1857 साली हाइथ येथे दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. 500 वारांवर एनफिल्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फुटांच्या आसपास भरकटल्या, व्हिटवर्थच्या सुमारे साडेचार इंच. 1860 साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने याच रायफलीने केले. रायफल टेकणीवर पक्की बसवली होती, राणीने फक्त दोरी ओढली. 400 वारांवरची गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत लागली.

तरीही सैन्याने ही रायफल घेतली नाही. ती महाग होती, आणि दारूची काजळी धरून बारीक नळी लवकर भरे. पण 1871 साली स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्रीची नळी 0.45 इंचाची होती आणि तिचा पीळ 22 इंचांत एक फेरा असा होता. नाकारलेले माप शेवटी स्वीकारावेच लागले.

या हकिकतीची दुसरी बाजू आम्ही झाकणार नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात याच रायफली गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील सैन्याच्या निवडक नेमबाजांच्या हाती गेल्या. पोलादाला न्याय-अन्याय कळत नाही. नेम कशावर धरायचा, हे माणसालाच ठरवावे लागते.

म्हणूनच व्हिटवर्थ यांच्या दुसऱ्या एका कामाची नोंद घ्यावीशी वाटते. 1868 साली त्यांनी यंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांसाठी वर्षाला 100 पौंडांच्या 30 शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट अशी, की पुस्तकी विद्या आणि हत्यारावरचा हात, दोन्हींची परीक्षा द्यावी. लेथवरच्या पोराला कॉलेजाचे दार त्यामुळे उघडले. ही शिष्यवृत्ती आजही दिली जाते.

आपल्या घरातही नेम चुकतात. मुलाला गणितात मार्क कमी पडतात, कारखान्यात जॉब रिजेक्ट होतो. 'तुला जमतच नाही' हे शब्द तेव्हा चटकन तोंडी येतात. त्याआधी एकदा कागदाचे पडदे टांगून पाहावेत. मुलाला फळा नीट दिसतो का? गेल्या वर्षीचा धडा कच्चा राहिला का? मशीनचे माप सरकले आहे का? भोके कुठे पडली ते आधी पाहू, दोष कुणाचा ते मग ठरवू.