तेलविहिरीची घाण कोठे जाते?

बीड जिल्ह्यात तेलाची विहीर नाही. मग तेलविहिरीच्या घाणीची चर्चा इथल्या शेतकऱ्यापुढे कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ही घाण जमिनीत ठेवण्याची जी रीत आहे, तीच रंगाच्या, औषधांच्या आणि धातूंच्या कारखान्यांतील विषारी कचऱ्यालाही लागते. ती चुकली म्हणजे नासते ती पाण्याची विहीर. आणि पाण्याच्या विहिरीचे मोल बीडकरांना कोणी सांगायला नको.

प्रथम ही घाण म्हणजे काय ते पाहू. मुंबईपासून दूर समुद्रात १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून ते वर येऊ लागले. गुजरात, आसाम, राजस्थान इथे ते जमिनीखालून काढतात. हजारो फूट खोल भोक पाडताना गिरमिटाच्या टोकाशी सतत चिखल सोडावा लागतो. हा चिखल टोक थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि खालचा दाब आवरून धरतो. काम संपले की तेलकट चिखल आणि चुरा उरतो. पुढे तेल साठवण्याच्या टाक्यांच्या तळाशीही काळा गाळ बसतो. ज्या चिखलात वा गाळात तेल आहे, त्याला २०१६ च्या नियमांनी घातक कचरा ठरवले आहे. निव्वळ पाण्यात कालवलेल्या चिखलातला चुरा या यादीत नाही. पण जमिनीवर भोक पाडले असेल तर तोही धुऊन, अस्तर घातलेल्या खड्ड्यातच टाकावा, असा २००५ चा नियम आहे.

शहाणपणाची पहिली पायरी म्हणजे पुरण्याजोगा माल कमी करणे. गाळातून निघेल तेवढे तेल परत काढून घेतात. उरलेल्या तेलावर ते खाणारे जीवाणू सोडतात. दिल्लीच्या टेरी या संस्थेने असे जीवाणू तयार केले असून आपल्या देशातील तेलक्षेत्रांत ते वापरले गेले आहेत. एवढे करून जे उरते ते पुरायचे. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी महाराष्ट्रात तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी सामाईक जागा आहेत. तिथे जमिनीचे कप्पे पाडलेले असतात. एक कप्पा भरला की तो मिटवायचा आणि दुसरा उघडायचा.

आता कप्पा बांधतात कसा? शेततळे ज्याने केले आहे त्याला निम्मे काम ठाऊकच आहे. शेततळ्याचे अस्तर बहुधा ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. कप्प्याला ते निदान दीड मिलिमीटरचे लागते, आणि केवळ त्याच्यावर कोणी विसंबत नाही. त्याच्याखाली चिकणमातीचा थर असतो. वीतभर माती पसरायची, बेताचे पाणी मारायचे, रोलर फिरवायचा आणि मग पुढचा थर घालायचा. ही माती इतकी घट्ट बसवावी लागते, की तिच्यावर पाण्याचा विशेष दाब नसताना पाणी तिच्यातून वर्षाकाठी सुमारे तीन सेंटिमीटरच सरकावे. आपली काळी माती चिकण खरी. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे कोणाला माहीत नाही? म्हणून दाबलेली माती उघडी वाळू देत नाहीत. तिच्यावर लगेच अस्तर चढवतात. एखादा टोकदार खडा राहिला तरी तो वरच्या ओझ्याने अस्तरात घुसेल. यासाठी माती वेचून घेतात.

अस्तराचे पट्टे एकमेकांवर चढवून तापवून जोडतात. शिवण दुहेरी असते आणि दोन शिवणींमध्ये बारीक पोकळी ठेवतात. तिच्यात सायकलच्या ट्यूबसारखी हवा भरायची आणि काट्याकडे पाहत बसायचे. काटा उतरला की शिवण कच्ची आहे, हे समजावे. घातक कचऱ्याला असे अस्तर आणि माती दोनदा घालतात. दोहोंच्या मध्ये निचऱ्याचा थर असतो. त्या थरात पाणी दिसले म्हणजे वरचे अस्तर फुटले, ही वर्दी मिळते आणि खालचे अस्तर शाबूत असतानाच उपाय करता येतो.

वरच्या अस्तरावर खडीचा थर आणि छिद्रांच्या नळ्या असतात. कचऱ्यातून झिरपलेले काळे पाणी उताराने एका आडात जमते. तिथून ते पंपाने उपसून शुद्ध करायला नेतात. हे पाणी अस्तरावर फूटभरापेक्षा अधिक चढू द्यायचे नाही. कारण साधे आहे: पाण्याची उंची वाढली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की बारीक छिद्रातूनही गळती जोरात होते.

चालवण्याची शिस्त बांधण्याहून कठीण. ओला माल थेट टाकायचा नाही. त्यात सिमेंट, चुना किंवा परळीच्या वीज केंद्रातून निघते तशी राख मिसळून तो आधी घट्ट करायचा. कोणाचा माल, कोठून आला, कोणत्या कप्प्यात कोठे पडला, याची नोंद ठेवायची. एका वेळी थोडीच जागा उघडी ठेवायची आणि काम संपले की झाकायची. मोठा वैरी पाऊस! एका एकराच्या उघड्या कप्प्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर चाळीस हजार लिटर पाणी आत गेले. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर! तेवढे सारे पाणी मग विषारी समजून उपसावे लागते.

कप्पा भरला की तो मिटवायचा. आपल्या वाडवडिलांची जोंधळ्याची पेवे आठवा. पेवाच्या तोंडातून ओल शिरली की धान्य नासे, म्हणून सारी काळजी तोंड बंद करण्याची. कप्प्याचेही तसेच. वर पुन्हा चिकणमाती, अस्तर, निचरा आणि माती घालून पाणी बाहेर वाहील असा उतार देतात. वर गवत लावतात. खोल मुळ्यांची झाडे मात्र लावत नाहीत. फरक एवढाच, की पेव पुढे उघडायचे असते आणि कप्पा कधीच उघडायचा नसतो. मिटवल्यानंतर तीस वर्षे तरी भोवतालच्या तपासविहिरींचे पाणी पाहत राहावे लागते.

इतका खटाटोप कशासाठी? बालाघाटाचा आपला काळा खडक वरून अभेद्य दिसतो. पण त्याच्या चिरांतून पाणी वाहते, म्हणून तर विहिरीला झरे लागतात. सोळाव्या शतकात बीडची खजाना विहीर बांधणाऱ्यांनी भूगर्भातले हेच पाणी ओळखून ते बोगद्यांनी दूर नेले. ज्या चिरेतून झरा येतो, त्याच चिरेतून विषही येऊ शकते. एकदा खडकात शिरलेले विष धुऊन काढणे अतिशय कठीण आणि खर्चाचे असते.

म्हणून गावाजवळच्या पडक्या खाणीत कोणी कारखान्याचा माल ओतू लागला, तर चार गोष्टी विचारा. खाली अस्तर आहे काय? झिरपलेले पाणी कोठे जमते? नोंद कोण ठेवतो? आणि तीस वर्षे पाण्यावर लक्ष कोण ठेवणार? उत्तर मिळाले नाही तर ग्रामसभेत विषय काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

आणि एक काम घरचेच आहे. ट्रॅक्टरचे जळके ऑईलही घातक कचऱ्यात मोडते. ते बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. डब्यात साठवा, गॅरेजवाल्याला परत द्या आणि तो ते परवानाधारक शुद्धीकरणवाल्याकडे पाठवतो की नाही, हे जरूर विचारा. त्या डब्याला दीड मिलिमीटरचे अस्तर लागत नाही; घट्ट झाकण पुरते.