श्रीखंड्याचा रांजण

गेल्या वर्षी इंदूरहून आम्ही काही जण नाथषष्ठीला पैठणला गेलो. संत एकनाथांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवला, त्या तिथीची ही यात्रा. गावातल्या नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. त्याची कथा आपल्या नव्या पिढीसाठी सांगतो.

द्वारकेचा कृष्ण मुलाच्या रूपात नाथांच्या दारी आला आणि चाकरीला राहिला. नाव सांगितले श्रीखंड्या. श्रीखंड म्हणजे चंदन. (आमच्या नातवाला आधी वाटीतलेच आठवले!) बारा वर्षे तो गोदावरीचे पाणी कावडीने आणून रांजण भरत होता, सहाणेवर गंध उगाळत होता. पूजा नाथांची, कीर्तन नाथांचे. पण पाणी आणि गंध आधी तयार लागते. देवाने ते काम घेतले, आणि तेही नाव लपवून. दृष्टान्त झालेला एक भक्त द्वारकेहून शोधत आला तेव्हा नाथांना उलगडा झाला. तोवर श्रीखंड्या निघून गेला होता.

आजही तुकाराम बीजेपासून भाविक हा रांजण भरू लागतात. ज्याच्या घागरीने तो भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देवच पाणी घालून गेला अशी श्रद्धा आहे. त्या माणसाचा मान होतो. पण आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर शेवटची घागर ही फक्त शेवटची नोंद. शिल्लक आधीच्या सगळ्यांची. मीही एक घागर ओतली. पाणी किती चढले ते दिसलेसुद्धा नाही.

तिथे मला आमचा गणेशोत्सव आठवला. मी बरीच वर्षे हिशेब पाहिला. एका वर्षी अहवालात माझे नाव चुकून राहिले, तर दोन महिने मी मंडळात फिरकलो नव्हतो. परत आल्यावर जुने अहवाल चाळले. रोज पहाटे येऊन दुर्वांच्या जुड्या बांधणाऱ्या, आरतीची तबके घासणाऱ्या काकूंचे नाव एकातही नाही. त्यांना तसे सांगितले, तर म्हणाल्या, "अहो, तबकं घासायला नाव कशाला लागतं?"

यंदा दहाही दिवस त्यांच्या हाताखाली होतो. दुर्वा निवडणे मला जमत नाही, असे त्यांचे मत आहे. सध्या फक्त पाणी भरायला देतात.