देवाच्या दारातलं पोर, लेव्हल वन

शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलेल्या कुठल्याही कंपूला एक प्रश्न विचारून बघा. 'तुझ्या कॅरेक्टरचे आईवडील काय करतात?' निम्म्यांचं उत्तर ठरलेलं. 'नाहीत रे. देवळातल्या अनाथाश्रमात वाढलो.' विषय संपला! ना घरून फोन, ना लग्नाची स्थळं. हातात तलवार आणि पाय मोकळे. आठवडाभर बॉसचं ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी काय हवं?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या अमेरिकन जोडीचा हा खेळ १९७४ मध्ये आला. २०१४ च्या नियमपुस्तकात तर कॅरेक्टरचा पूर्वेतिहासही रेडीमेड मिळतो. एक मंदिराच्या सेवेत राहिलेला भक्त, दुसरं रस्त्यावर वाढलेलं अनाथ पोर. दोन्हींची मिसळ केली की हिरो तयार!

व्हिडिओ गेममध्येही तेच. 'स्कायरिम' (२०११) मधल्या रिफ्टन शहरात प्रेमाच्या देवीचं मंदिर आहे आणि त्याच शहरात पोरांना छळणारा अनाथाश्रमही. तिथून पळालेला एक मुलगा चक्क संचालिकेच्या खुनाची सुपारी देतो. आपण ती वाजवली की आतली मुलं आनंदाने ओरडतात. म्हणजे आश्रम एक तर पुण्यवान, नाही तर राक्षसी. मधलं काही नाहीच.

तीन प्रश्न

आमचा डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा गेममास्टर, कंधारचा. त्याच्या नकाशातला किल्लाही तिथलाच. राष्ट्रकूटांची आठवण सांगणारा भुईकोट आणि भोवती पाण्याचा खंदक. त्यात त्याने एका देवतेचा अनाथाश्रम काढला आणि आम्हाला विचारलं, 'इथे पोरांना जेवायला कोण घालतं? कुठलं पोर अनाथ हे ठरवतं कोण? आणि मोठेपणी एखादं म्हणालं, मला हा देव नको, तर?'

टेबल एकदम शांत! नियमपुस्तकात याची उत्तरं नाहीत. आपल्या इतिहासात मात्र आहेत.

पहिला प्रश्न जेवणाचा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणल्या. दौंडजवळ केडगावला त्यांचं 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तर तिथली संख्या हजारावर गेली. एवढ्यांची चूल नुसत्या प्रार्थनेवर पेटत नाही, बॉस! देणग्या होत्याच, पण शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखानाही होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापलं गेलं ते तिथल्याच बायकांच्या हातून. आमच्या गेममधल्या आश्रमांत मात्र कधी साधं पीठ दळलेलंही दिसत नाही.

अनाथ कोण?

दुसरा प्रश्न जास्त टोचतो. गोव्यात १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाचा हुकूम आला की हिंदूंची अनाथ मुलं जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायची आणि त्यांना बाप्तिस्मा द्यायचा. पुढे तर बाप गेलेलं पोर, आई जिवंत असूनही, अनाथ धरलं जाऊ लागलं. मुलांना वाचवायला कितीतरी कुटुंबं गोवा सोडून गेली.

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मधली शॅडोहार्ट आठवते? (न खेळलेल्यांनी चार ओळी गाळा, स्पॉयलर आहे!) ती स्वतःला अंधाराच्या देवीच्या पंथात वाढलेली अनाथ समजते. खरं म्हणजे त्या पंथानेच तिला लहानपणी पळवलेलं असतं आणि आठवणी पुसलेल्या असतात. आईबाप जिवंत असतात. लोक म्हणतात, काय भन्नाट ट्विस्ट! आपल्या कोकण किनाऱ्याने तो साडेचारशे वर्षांपूर्वी पाहिलाय.

म्हणून सगळे आश्रम खलनायक? अजिबात नाही. पंढरपूर बघा. तीर्थाच्या निमित्ताने आलेल्या विधवा चोरून बाळंत व्हायच्या आणि लोकलाजेने पोर टाकून जायच्या. १८७५ मध्ये तिथे प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम काढला. मूर्तिपूजा न मानणाऱ्यांनी विठोबाच्या गावात त्याच्याच दारात टाकलेली पोरं उचलली! असा ट्विस्ट एखाद्या डीएमने लिहिला असता तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादची सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. नावात धर्म आहे, पण दाखल्याची अट भूकंपाची होती.

तिसऱ्या प्रश्नावर वाद आजही संपलेला नाही. रमाबाईंवर धर्मांतराचे आरोप झाले. तिथल्या कितीतरी मुली मात्र एरवी जगल्याच नसत्या. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहाव्या लागतात. ताटाच्या बदल्यात देव मागितला जाऊ नये, एवढं तरी पाहणारा बाहेरचा कुणी हवाच. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने आश्रम कुणाचाही असो, सरकारी अनुदान घेवो न घेवो, नोंदणी सक्तीची केली आहे. सापडलेलं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. फँटसीच्या दुनियेत ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, तपासणी अधिकारी एकही नाही!

तेव्हा पुढच्या वेळी कॅरेक्टर शीटवर 'देवळात वाढलेला अनाथ' लिहिलंत, तर खाली ते तीन प्रश्नही लिहा. गेम मजेदार होतो, हे अनुभवाने सांगते. माझ्या क्लेरिकला सध्या खजिना नकोय. तिला आश्रमाची जुनी वही हवीय, आपल्या नावापुढे 'अनाथ' कोणी लिहिलं ते बघायला.