गाठीचा तुकडा का काढतात? स्नायूंची गाठ आणि बायोप्सी

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दंडावर गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून घरचे दोन महिने लेपच लावत राहिले. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली तेव्हा त्याची आई शाळेत येऊन म्हणाली, "सर, सुई लावली की गाठ पसरते म्हणतात. खरं का हो?" मला नीट सांगता आलं नाही. मग वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते इथे लिहितोय.

स्नायू तीन प्रकारचे, हे आपण वर्गात शिकवतोच: अस्थिस्नायू, मृदू स्नायू आणि हृदयाचे स्नायू. गाठ कोणत्या स्नायूची, यावर पुढचं बरंच ठरतं. गर्भाशयातली फायब्रॉइड ही मृदू स्नायूची गाठ, ती कर्करोग नसते. मुलांमध्ये मात्र अस्थिस्नायूसारख्या पेशींचा रॅब्डोमायोसार्कोमा होऊ शकतो. आजार दुर्मीळच, पण मुलांच्या मऊ ऊतींच्या कर्करोगांत हाच जास्त आढळतो.

एमआरआयमध्ये गाठ कुठे आहे, केवढी आहे ते दिसतं. ती नेमकी कसली आहे, हे पेशी बघितल्याशिवाय पक्कं होत नाही. म्हणून जागा बधिर करून (लहान मुलांना बहुधा भूल देऊन) जाड पोकळ सुईने दोऱ्यासारखे बारीक तुकडे काढतात. ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, नंतर मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढतात. रंग दिला की पेशीकेंद्रक निळंजांभळं दिसतं आणि बाकीचा भाग गुलाबी.

आता खरी गंमत बघा. या आजारातल्या पेशी अर्धवट वाढलेल्या असतात, नुसत्या गोल दिसतात. इतर काही कर्करोगांतही अशाच गोल पेशी असतात. मग ओळखायचं कसं? डेस्मिन आणि मायोजेनिन ही स्नायूपेशींशी निगडित प्रथिनं आहेत. ती चिकटून दाखवणारी खास रसायनं कापावर टाकतात. रंग उमटला, तर पेशी स्नायूकडच्या. त्यानंतर उपप्रकार: एम्ब्रायोनल की अल्व्हिओलर. दुसरा सहसा जास्त आक्रमक. त्यात बहुतेकदा १३ व्या गुणसूत्राचा तुकडा २ ऱ्या किंवा १ ल्या गुणसूत्राला जोडलेला सापडतो, तेही तपासतात. रिपोर्टला इतके दिवस का लागतात, ते यावरून कळेल.

आणि त्या आईचा प्रश्न? नीट केलेल्या बायोप्सीने गाठ पसरण्याची शक्यता फारच कमी असते. भीती अगदीच हवेतली नाही. म्हणूनच पुढे शस्त्रक्रियेत सुईची वाटही काढता येईल, अशा जागेतून सुई घालतात. त्यासाठी हे काम अशा गाठींचा अनुभव असलेल्या ठिकाणीच करून घ्यावं. घाईने अर्धवट गाठ कापून टाकली, तर पुढचे उपचार अवघड होतात.

मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. दुसरीकडे दाखवायचं असेल तर तो आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घेता येतात. आमच्या मुलाचा रिपोर्ट एम्ब्रायोनल आला. त्याच्या आईने तो ठोकळा रुमालात गुंडाळून मुंबईला टाटा रुग्णालयात नेला. तिथे तो पुन्हा तपासला आणि मगच केमो सुरू झाली.