मोठे जनावर म्हणजे वेगळा वाण नव्हे

तापीकाठचे बऱ्हाणपूर आणि त्याच्या आसपासचे खंडवा, खरगोन, बडवानी हे जिल्हे म्हणजे निमाडी गोवंशाचा मुलूख. तांबूस अंगावर पांढरे पट्टे असलेला हा वाण गीर आणि खिल्लार यांच्या मिश्रणातून उत्पन्न झाला, असे मानले जाते. रंग आणि कपाळाचा फुगीरपणा गीरचा, तर काटकपणा आणि चपळाई खिल्लारची. अशा मिश्र मुळाच्या वाणात अस्सल जनावर निवडायचे, तर रंगावर विसंबून भागत नाही. त्यासाठी उंची, शरीराची लांबी, छातीचा घेर, चेहऱ्याची लांबी अशी मापे घ्यावी लागतात.

मात्र प्रत्येक मापात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक आकारमान, म्हणजे जनावर एकंदर किती मोठे आहे ते. आणि दुसरी बांधा, म्हणजे त्याच्या अवयवांचे परस्परांशी प्रमाण. चारापाण्याचा परिणाम आकारमानावर चटकन दिसतो. बांधा त्या मानाने स्थिर असतो आणि वाणाची खूण बहुधा त्यातच सापडते.

समजा, तीन बैल आहेत. पहिल्याची उंची 120, लांबी 126 आणि छातीचा घेर 156 सेंटिमीटर. दुसऱ्याची हीच मापे अनुक्रमे 110, 115.5 आणि 143. तिसऱ्याची 120, 114 आणि 156. नुसती वजाबाकी केली, तर तिसरा बैल पहिल्याला अधिक जवळचा वाटतो, कारण त्याची दोन मापे तंतोतंत जुळतात. वास्तविक दुसऱ्या बैलाचे प्रत्येक माप पहिल्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग आहे. तो लहान आहे, इतकेच, बांधा तोच. तिसऱ्याचे धड मात्र उंचीच्या मानाने आखूड आहे.

हा भेद उघड करण्याची एक सोपी रीत आहे. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ काढायचे. हा भूमितीमध्य म्हणजे जनावराचे आकारमान. त्याने प्रत्येक मापाला भागले की उरतो तो बांधा. वरील बैलांच्या लांबीसाठी हे भागाकार सुमारे 0.95, 0.95 आणि 0.89 येतात. आकारमान आणि बांधा यांची अशी काटेकोर गणिती मांडणी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेम्स मोसिमन यांनी 1970 मध्ये केली.

तथापि, भागाकाराने सारे प्रश्न सुटत नाहीत. वासरू ही बैलाची छोटी प्रतिकृती नसते. जन्मतः त्याचे पाय धडाच्या मानाने लांब असतात. धड मागाहून भरते. वाढीबरोबर बांधाही असा बदलत असल्याने वासराची तुलना प्रौढ बैलाशी केल्यास वयातील फरक वाणातील फरक वाटू लागतो. म्हणून तुलना समान वयाच्या आणि एकाच लिंगाच्या जनावरांत करावी लागते, किंवा वाढीचा प्रभाव गणिताने वेगळा काढावा लागतो.

मापे पुष्कळ असली, की प्रमुख घटक विश्लेषण ही पद्धत वापरतात. त्यातील पहिल्या घटकात बहुधा सर्व मापे एकत्र वाढतात, म्हणून त्याला आकारमान समजतात; पुढील घटकांत बांध्याचे भेद उमटतात. पण वाढीबरोबर बदलणाऱ्या बांध्याचा अंशही पहिल्या घटकात उतरतो. त्यामुळे तो घटक सरसकट वगळणे धोक्याचे ठरते.

हा प्रश्न केवळ निमाडपुरता नाही. गोव्याच्या श्वेत कपिला गाईला देशी वाण म्हणून राष्ट्रीय नोंदणी लाभली आहे. अशा वाणाची पैदास करताना धष्टपुष्टपणालाच अस्सलपणा समजले, तर दुष्काळात खुरटलेला अस्सल वळू बाद होईल आणि पोटभर चारा मिळालेला संकरित वळू कळपात शिरेल. असे चार-सहा पिढ्या घडले, तर वाण नावापुरताच उरेल.